जहाजावरील पंक्तिप्रपंच

लहान मुलाचें प्रवासांतील मोल किती, हा प्रश्न आमच्या लहानपणीं अगदीं सोपा होता. तें अर्धें होतें. आगगाडी असो वा भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोंकणची बोट असो, ठराविक वयाच्या आंतला मनुष्य हा अर्धा मनुष्य समजला जाई, आणि त्याहूनही लहान जो असेल तो हिशेबांतच धरला जात नसे. रेल्वेनें ही समजूत अद्यापि सोडलेली नाहीं. पांच वर्षांखालचें मूल फुकट आणि पांच ते बारा वर्षांचें मूल अर्धें, हा तिचा नियम. २०१६ सालच्या एप्रिलपासून त्याला एवढाच फांटा फुटला आहे कीं, मुलाला निजावयास स्वतंत्र जागा हवी असेल तर पैसे पुरे, आणि तें आईच्या कुशींत निजणार असेल तर अर्धे. या अर्ध्या तिकिटापायीं महाराष्ट्रांतील किती सत्यवचनी आईबापांनीं मुलांचीं वयें उतरविलीं असतील त्याची गणती नाहीं. मिसरूड फुटावयास आलेला मुलगा तिकिट तपासनीस आला कीं गुडघे पोटाशीं घेऊन, अंग चोरून, अकरा वर्षांचा होऊन बसे. आणि तपासनीसही, त्याच्या स्वतःच्या घरीं मुलें असल्यामुळें, खिडकीबाहेर पाही.

अशा अर्ध्या तिकिटाच्या जगांत वाढलेल्या आम्हांस, मुलाचें मोल बापाच्या बरोबरीनें आणि प्रसंगीं आजोबांहून अधिक ठरविणारी एक निराळीच व्यवस्था गेल्या हिंवाळ्यांत पाहावयास मिळाली. ही व्यवस्था अमेरिकेंतील सहलीच्या जहाजांवरील, म्हणजे ज्यांस आतां आपणही ‘क्रूझ’ म्हणूं लागलों आहों त्यांवरील होय. ज्या वाचकांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांतील पुष्कळांस ही हकीकत ओळखीची वाटेल. इतरांस ती निदान करमणुकीची वाटावी.

प्रथम ही व्यवस्थाच समजावून सांगितली पाहिजे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या उतारूंचें एक मंडळ प्रत्येक कंपनीनें काढलेलें असतें, आणि त्या मंडळांत पायऱ्या असतात. रॉयल कॅरिबिअन म्हणून एक कंपनी आहे, जिचें पहिलें जहाज १९७० सालीं मियामीहून निघालें. तिच्या मंडळाचें नांव ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’, म्हणजे मुकुट आणि नांगर. जहाजावर काढलेल्या प्रत्येक रात्रीस येथें एक गुण मिळतो. ऐसपैस दालनांत राहणारास दोन मिळतात. ३ गुणांस सोनें, ३० गुणांस प्लॅटिनम, ५५ गुणांस पाचू, ८० गुणांस हिरा, १७५ गुणांस ‘हिऱ्याहून अधिक’, आणि ७०० गुण झाले कीं शिखर, अशी ही शिडी आहे. सात रात्रींची एक सफर धरली तर साध्या खोलींतून जाणाऱ्यास हिऱ्यासाठीं बारा सफरी, आणि शिखरासाठीं शंभर सफरी, म्हणजे आयुष्यांतील जवळजवळ दोन वर्षें समुद्रावर काढावीं लागतात. अशीं माणसें आहेत असें आम्ही परत आल्यावर आमच्या वाड्यांत सांगितलें, तेव्हां शेजाऱ्यांस तें खरें वाटलें नाहीं. पंढरीच्या वाऱ्या मोजणारे लोक त्यांच्या ओळखीचे होते, परंतु त्या वाऱ्यांचें कार्ड मिळत नाहीं.

आतां मुलांची गोष्ट. अठरा वर्षांखालील मुलास या मंडळांत गुण मोजीत बसावें लागत नाहीं. आईबापांचा जो दर्जा तोच मुलाचा, मात्र हिऱ्यापर्यंतच. बाप शिखरावर जाऊन बसला तरी मूल हिऱ्यावरच राहतें. डिस्ने कंपनीची रीत थोडी वेगळी. तिचें पहिलें जहाज १९९८ सालीं निघालें, आणि तें मुळांतच मुलांसाठीं बांधलेलें. तिच्या ‘कॅस्टअवे क्लबां’त रात्री मोजीत नाहींत, सफरी मोजतात: एका सफरीनें रुपें, पांचांनीं सोनें, दहांनीं प्लॅटिनम, आणि २०२३ पासून पंचवीस सफरींस मोतीं. येथें मुलाच्या सफरी मुलाच्याच खातीं जमा होतात. या दर्जाचा खरा उपयोग आगाऊ नोंदणीचा. नवख्या उतारूस जहाजावरील कार्यक्रम प्रवासाच्या ७५ दिवस आधीं निवडतां येतात, तर प्लॅटिनमवाल्यास १२० दिवस आधीं. हा पंचेचाळीस दिवसांचा फरक मोठ्या माणसास क्षुल्लक वाटेल. परंतु राजकन्येच्या भेटीची वेळही अशीच नोंदवावी लागते आणि ती भराभर भरून जाते. भेट हुकलेल्या पांच वर्षांच्या मुलीच्या बापास तो फरक क्षुल्लक वाटत नाहीं.

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळास जहाजावर घेत नाहींत. महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींस ही मर्यादा बारा महिन्यांची असते. म्हणजे सहा महिने पुरे झालेलें बाळ, सर्व दांत येण्यापूर्वीं, हिऱ्याच्या मानाचें धनी होऊं शकतें. आमच्याकडे सोन्याच्या चमच्याची म्हण इंग्रजींतून आली; हिऱ्याच्या दुधाच्या बाटलीची म्हण अजून कोणी केलेली नाहीं.

आमचे चिरंजीव वीस वर्षांपासून अमेरिकेंत आहेत. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. आमची कन्या पुण्यांतच असते. तिलाही एकच मुलगी, आणि योगायोगानें तीही नऊच वर्षांची. आमच्या विवाहास पन्नास वर्षें पुरीं होत असल्याचें निमित्त करून चिरंजीवांनीं आम्हां उभयतांस, बहिणीस, मेव्हण्यास आणि भाचीस, सर्वांस बोलावून घेतलें, आणि फ्लॉरिडांतील एका बंदरावरून सात रात्रींची सफर ठरविली. सर्व खर्च त्यांचा. ज्या कंपनीचें तें जहाज होतें तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तिच्याही मंडळांत पायऱ्या होत्या, तिच्याही नियमांत आईबापांचा दर्जा अठरा वर्षांपर्यंत मुलांस मिळत असे, आणि चिरंजीव तिच्या वरच्या पायऱ्यांपैकीं एकीवर उभे होते, एवढें पुरे.

बंदरावर गेल्याबरोबर एका कुटुंबाच्या दोन रांगा झाल्या. चिरंजीव, सूनबाई आणि त्यांचीं दोन मुलें यांची रांग आंखूड, तिला खालीं गालिचा. आम्ही, आमचें कुटुंब, कन्या, जांवई आणि पुण्याची नात यांची रांग लांब, तिला फक्त दोर. गळ्यांत घालावयास जीं कार्डें मिळालीं त्यांचेही रंग निरनिराळे. आमचीं निळीं, त्यांचीं सोनेरी. मुलांस तत्त्वज्ञान कळत नाहीं, पण रंग कळतात.

पुण्याच्या नातीनें विचारलें, “आजोबा, मी निळी का?”

आम्ही उत्तर शोधीत होतों, तोंच अमेरिकेच्या नातीनें तें दिलें. “कारण तूं नवीन आहेस. पहिल्यांदा सगळे निळेच असतात. मी पण...” येथें ती थांबली, आणि बारकाईनें विचार करून म्हणाली, “नाहीं, मी कधीं निळी नव्हतेंच.”

तिच्या स्वरांत गर्व नव्हता. एक वस्तुस्थिति तिच्या प्रथमच ध्यानांत आली होती, एवढेंच. आम्हांस मात्र त्या वाक्यानें सारा दिवस पुरला. जगांतील सर्व वतनदारांच्या घरीं कोणा तरी नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडून हें वाक्य कधीं ना कधीं निघालेंच असलें पाहिजे.

आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणून एक शब्द आहे. एका पंक्तीस बसलेल्यांत वाढतांना भेद करणें, यजमानाच्या मुलाच्या भातावर तुपाची धार लांब आणि पाहुण्याच्या मुलाच्या भातावर आंखूड सोडणें, याला तें नांव. जी वाढपीण असें करी तिचें नांव गांवभर होई, आणि तें चांगल्या अर्थानें होत नसे. ज्यांस त्या पंक्तींत मुळीं बसूंच देत नसत त्यांस या समतेचा काय उपयोग होता, हा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्तच आहे, आणि त्यास आमच्यापाशीं लाज वाटण्यापलीकडे उत्तर नाहीं. परंतु पंक्तीच्या आंत तरी, विशेषतः मुलांच्या पंक्तींत, हा दंडक कडक होता. आमच्या आईनें आम्हां भावंडांस आणि सुटींत आलेल्या आतेभावांस लाडू वाटतांना ताटलींत एक उरला, तर त्याचे आठ तुकडे केलेले आम्हीं पाहिले आहेत. तुकड्यांत लाडू राहत नसे, नुसता भुगा होई. पण तो समान होई.

जहाजावर रात्रीचें जेवण सर्वांस एका टेबलावर मिळे आणि त्यांत कांहीं भेद नव्हता. भेद होता तो सकाळच्या न्याहारींत. सोनेरी कार्डवाल्यांस एक वेगळें दालन होतें. पहिल्या दिवशीं दोघी नाती हात धरून तेथें गेल्या, आणि दारावरील माणसानें अत्यंत गोड शब्दांत एकीस आंत येण्यास व दुसरीस बाहेर राहण्यास सांगितलें. तो माणूस गोव्याचा होता. आमची कन्या मराठींत बोलूं लागली तेव्हां तो ओशाळला, कोंकणींत कांहींसें पुटपुटला, आणि तरीही त्यानें नियम मोडला नाहीं; त्याची नोकरी होती. आम्हांस त्याचा राग आला नाहीं. सहा सहा, आठ आठ महिने घरापासून दूर राहून परक्यांच्या मुलांस न्याहारी वाढणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या मुलांचा दर्जा कोणता, हें विचारण्याचेंही आम्हांस धैर्य झालें नाहीं.

अमेरिकेची नात दोन दिवस त्या दालनांत गेली. तिसऱ्या दिवसापासून ती सर्वांच्या उपाहारगृहांत बहिणीशेजारीं येऊन बसूं लागली. हा बंधुभावाचा विजय होता असें येथें लिहितां आलें असतें तर लेखास शोभा आली असती. पण तिनें दिलेलें कारण असें होतें कीं, त्या दालनांत वॉफल मिळत नाहींत आणि तेथें सगळे म्हातारे असतात.

कंपन्या हें सर्व कशाकरितां करतात, तें समजण्यास फार खोल जावें लागत नाहीं. या गोष्टीचें कूळ वाण्याच्या दुकानांतलें आहे. अमेरिकेंत १८९६ सालीं स्पेरी आणि हचिन्सन या नांवाच्या कंपनीनें दुकानदारांस हिरवीं तिकिटें पुरविण्याचा धंदा काढला. गिऱ्हाइकानें जितका माल घ्यावा तितकीं तिकिटें त्यास मिळत, तीं वहींत चिकटवून वह्या भरल्या कीं त्यांच्या बदल्यांत घरांतील एखादी वस्तु मिळे. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें हीच युक्ति विमानाच्या मैलांस लावली. जहाजांचीं मंडळें त्याच गोत्रांतलीं. पण जहाजांस मुलांचें अगत्य अधिक असण्याचें एक स्वतंत्र कारण आहे. जहाजावरील खोलीचा भाव दोन माणसें धरून बांधलेला असतो. जहाज भरलें कीं नाहीं याचा हिशेबही खोलीगणिक दोन माणसें धरूनच करतात. त्यामुळें प्रत्येक खोलींत दोघे असले कीं जहाज शंभर टक्के भरलें, आणि त्यांपैकीं कांहीं खोल्यांत भिंतींतून ओढावयाच्या पलंगावर तिसरें-चौथें मूल निजलें कीं तें शंभराहून अधिक टक्के भरतें. मोठमोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत हा शंभरावरचा आंकडा अभिमानानें छापलेला असतो. तो आंकडा म्हणजे मुलें. अर्ध्या तिकिटाच्या काळीं मूल म्हणजे भरलेल्या डब्यांतील अडचण होती; येथें तें शंभर भरल्यावर वर पडणारें माप आहे. शिवाय तें उद्यांचें गिऱ्हाइक आहे, आणि आजचें मोठें गिऱ्हाइक त्याच्या शब्दाबाहेर नाहीं. २०२४ च्या जानेवारींत रॉयल कॅरिबिअनचें ‘आयकॉन ऑफ द सीज’ हें प्रचंड जहाज मियामीहून प्रथम निघालें. वीस मजले, सात तलाव, आणि सात हजारांवर उतारूंची सोय. त्याचीं चित्रें पाहतांना तें बापांसाठीं बांधलें असेल असें क्षणभरही वाटत नाहीं.

दर्जा बापाकडून मुलाकडे उतरतो, या नियमाचा धर्मशास्त्राच्या दृष्टीनें विचार करण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं. जहाजावर दुसरें काम तरी काय होतें? विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बंगालच्या दायभागाप्रमाणें तो बापाच्या मरणानंतर उत्पन्न होतो. जहाजाच्या कंपन्या याबाबतींत सरळसरळ मिताक्षरेच्या बाजूच्या आहेत. मुलींच्या बाबतींत तर त्या मिताक्षरेच्याही पुढें गेल्या. आमच्या कायद्यास मुलीला जन्मसिद्ध सहभागी करण्यास २००५ साल उजाडावें लागलें, तेथें ती पहिल्या दिवसापासून सोनेरी. मात्र दोन ठिकाणीं त्यांचें आणि शास्त्राचें पटत नाहीं. एक, अठराव्या वर्षीं वाटणी सक्तीची. दुसरें, हा प्रवाह फक्त खालीं वाहतो. मुलाचा दर्जा बापास, किंवा बापाचा दर्जा आजोबास, चढत नाहीं. ज्यानें बापास शिकविलें, त्याच्या विमानाच्या पहिल्या तिकिटाकरितां घर गहाण टाकलें, तो पितामह निळा. ही तक्रार नव्हे. कंपनीनें आमच्या मुलास वाढविलेलें नाहीं, आम्हीं तिच्या जहाजावर एक रात्रही काढलेली नव्हती. तिनें आमचा मान कां राखावा?

शिवछत्रपतींस नवीं वतनें करून देण्याचा तिटकारा होता हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. पुढें राजाराम महाराजांच्या वेळीं मोगल दाराशीं बसला असतां माणसें टिकवून धरण्याकरितां तीं द्यावीं लागलीं. शत्रूच्या पक्षाकडून वतन मिळतें म्हटल्यावर आपल्या पक्षानेंही तें देणें प्राप्त होतें. जहाजांच्या कंपन्यांची अडचण हीच आहे. एकीनें मुलांचे लाड पुरविले कीं दुसरीस हात आंखडतां येत नाहीं. आणि दिलेलें वतन परत घेणें किती जड जातें, हें ज्यांनीं १९६२ च्या कायद्यानें गेलेल्या पाटीलक्यांचीं रडगाणीं पुढें वर्षानुवर्षें ऐकलीं आहेत त्यांस सांगावयास नको. कार्निव्हल या कंपनीनें, जिचें पहिलें जहाज १९७२ सालीं मियामीबाहेर पडतांच वाळूंत रुतलें होतें, २०२५ सालीं असें जाहीर केलें कीं तिच्या मंडळांतील दर्जा यापुढें समुद्रावरील दिवसांवर नव्हे, तर केलेल्या खर्चावर ठरेल. पुण्य यात्रेवर नव्हे, दक्षिणेवर मोजलें जाणार. जुन्या उतारूंत त्यावरून बरीच खळबळ माजली, आणि ती माजणारच होती.

असो. हें सर्व पुस्तकी झालें. आम्हांस जें बोंचत होतें तें याहून साधें होतें.

चिरंजीवांच्या कार्डाशीं निगडित अशी एक यादी त्यांच्या फोनवर होती. त्यांनीं ती तिसऱ्या दिवशीं कौतुकानें आम्हांस दाखविली. अकरा वर्षांत तेरा सफरी, एक्याण्णव रात्री. प्रत्येकीची तारीख, बंदर, खोलीचा क्रमांक. आम्ही शाळेंत गणित शिकवीत आयुष्य घालविलें. यादी दिसली कीं बेरीज आपोआप होते. याच अकरा वर्षांत ते पुण्यास चार वेळां आले, त्यांपैकीं एकदां आमच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं एकटेच. एकूण दिवस अठ्ठावन्न. आम्हीं तोंडानें कांहींच म्हटलें नाहीं. परंतु पन्नास वर्षें ज्या बाईनें आमच्या तोंडाकडे पाहून काढलीं तिच्यापासून हें लपणें शक्य नव्हतें. रात्रीं खोलींत दिवा मालविल्यावर ती म्हणाली, “अहो, मोजायचं सोडा आतां. पेपर तपासायला नाहीं आलों आपण.”

मोजणें सुटलें नाहीं, पण दुसऱ्या बाजूचे आंकडेही मांडणें न्यायाचें होतें. तिकडे नोकरींत वर्षाची रजा पंधरा दिवसांची. पुण्याचा प्रवास जाऊन-येऊन चार दिवस खातो. उरलेल्या दिवसांत सकाळीं एका मावशीकडे न्याहारी, दुपारीं एका काकांकडे जेवण, संध्याकाळीं तिसऱ्याच कोणाकडे फराळ, आणि चौथ्या दिवशीं मुलें पोट धरून निजलेलीं, हा कार्यक्रम आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे. पुण्यास आल्यावर सूनबाई एक दिवस निवांत बसलेल्या आम्हांस आठवत नाहींत. जहाजावर त्या सात दिवस आरामखुर्चींत पुस्तक घेऊन बसल्या, आणि संध्याकाळीं काय करायचें हें त्यांना कोणीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आमचें कुटुंब त्यांच्या शेजारच्या खुर्चींत जाऊन बसलें तें उठेचना. ज्या एक्याण्णव रात्रींचा आम्ही हिशेब करीत होतों त्यांत सूनबाईंच्या कामांतून सुटलेल्या किती संध्याकाळी होत्या, तो रकाना आमच्या वहींत नव्हता.

कन्येचें दुःख वेगळें होतें, आणि तें तिनें बोलून दाखविलें. “दादानं बोलावलं, दादानं पैसे दिले, आणि दादाच्याच रांगेंत आपल्याला उभं राहतां येत नाहीं,” असें ती दुसऱ्या बंदरावर म्हणाली. चिरंजीवांनीं तें ऐकलें. त्या दिवसापासून जहाजावरून उतरतांना आणि चढतांना ते दोरीच्या रांगेंत आमच्याबरोबर उभे राहिले. सूनबाईही राहिल्या. त्यामुळें उन्हांत उभें राहणारीं माणसें दोघांनीं वाढलीं, एवढाच व्यवहारांत फरक पडला; पण कन्या पुढें त्याविषयीं बोलली नाहीं.

पुण्याची नात मुकाट्यानें आपला हिशेब करीत होती. सहाव्या दिवशीं तिनें मामाला विचारलें कीं, निळ्याचें सोनेरी व्हायला किती वेळां यावें लागतें. त्यानें हौसेनें सांगितलें. मग तिनें एका वेळेस किती पैसे पडतात तें विचारलें. मामानें हंसून तो प्रश्न उडवून लावला, तेव्हां ती पांचव्या मजल्यावरील खिडकीपाशीं गेली, तेथें लावलेला भाव पाहून आली, आणि रुमालाच्या कागदावर गुणाकार करून आईला म्हणाली, “आई, आपल्याला नको. आपण मुंबईहून गोव्याला जाऊं. तें पण जहाजच आहे ना?” तें खरेंच आहे, २०२१ च्या सप्टेंबरांत मुंबईहून कॉर्डेलियाच्या सफरी सुरू झाल्या तेव्हांपासून आमच्या ओळखीचीं दोन-तीन कुटुंबें जाऊन आलीं आहेत. पण नऊ वर्षांच्या मुलीनें आईच्या पगाराचा अंदाज बांधून बोललेलें तें वाक्य आमच्या कन्येस कसें लागलें असेल तें आम्ही जाणतों, कारण त्याच वयांत आम्ही आमच्या आईशीं असेंच एक वाक्य बोललों होतों. तें पुस्तकांविषयीं होतें.

राहतां राहिला नातू. त्याला अठरावें वर्ष पुरें होण्यास तीन महिने उरले होते. सफरीची तारीख चिरंजीवांनीं मुद्दाम त्याच्या वाढदिवसापूर्वींची धरली होती. त्याच्या सोनेरी कार्डाची ही शेवटची सफर, त्यानंतर त्याचा हिशेब स्वतंत्र. हें ते दर दोन दिवसांनीं कोणाला ना कोणाला सांगत. ज्याच्यासाठीं सांगत त्याला मात्र त्या कार्डाचें कांहींएक सोयरसुतक नव्हतें. तो दुपारीं उठे, रात्रीं आपल्या वयाच्या मुलांत जाई, आणि जेवणाला आला तर टेबलाखालीं फोन पाही. त्या विशेष दालनांत त्यानें सात दिवसांत पाऊल टाकलें नाहीं.

शेवटच्या रात्रीं वरच्या डेकवर वारा फार होता. चिरंजीव आणि आम्ही दोघेच कठड्याशीं उभे होतों. खालीं काळें पाणी. आम्हीं सहज म्हटलें, “अरे, त्याला तर त्या कार्डाचं कांहीं नाहीं. तूंच एवढा धडपडलास.”

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “मला माहीत आहे, बाबा. सप्टेंबरांत तो कॉलेजला जाईल. मग कशाला येतोय तो आमच्याबरोबर आठ दिवस? कार्ड संपणार म्हणून तरी आला. दुसरं कांहीं सांगितलं असतं तर आला नसता.”

यावर आम्हीं कांहीं बोलावें असें नव्हतें. आम्हीही वीस वर्षें त्यांना निमित्तें पाठवीत आलों आहों: यंदा गौरी-गणपती शनिवार-रविवारला जोडून आले आहेत, यंदा आजीचें वर्षश्राद्ध आहे, यंदा वाडा पाडावयाचा आहे तेव्हां एकदां पाहून जा. त्यांपैकीं चार लागू पडलीं. वाडा अजून उभा आहे.

पुण्यास परत आल्यावर कंपनीचें पत्र आलें. आम्ही आतां पहिल्या पायरीवर चढलों असून पुढील सफरींत आम्हांस कांहीं सवलती मिळतील, असें त्यांत मोठ्या आर्जवानें लिहिलें होतें. आमच्या कुटुंबानें त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर वाण्याची यादी केली. अमेरिकेच्या नातीनें फोनवर अभिनंदन केलें: “आजोबा, आतां तुम्ही निळे नाहीं!” पुण्याच्या नातीचें निळें कार्ड तिच्या भूगोलाच्या पुस्तकांत खूण म्हणून आहे.

मार्चमध्यें नातवास अठरा वर्षें पुरीं झालीं. त्याच्या स्वतःच्या नांवानें कंपनीचें पत्र आलें आणि त्याच्या खातीं किती रात्री जमा आहेत तें त्यांत लिहिलें आहे, असें चिरंजीवांनीं त्या दिवशीं कळविलें. नातवाशीं बोलावें म्हणून आम्हीं त्याला बोलवावयास सांगितलें, तों तो मित्रांबरोबर बाहेर गेलेला होता. पत्र अजून फोडलें नव्हतें काय, असें आम्हीं विचारलें. चिरंजीव म्हणाले, “मींच फोडलं, बाबा.”